तास चालू असताना मोबाइल आणि खासगी इंटरनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः पदवी, पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शिक्षकांसाठीचे आणि पालकांसाठीचे प्रश्न शेवटाकडे दिले आहेत. ज्यांना फोनमधली सेटिंग लगेच हवी आहेत त्यांनी थेट त्या प्रश्नावर जावं.

खासगी वापर म्हणजे नेमका कोणता?

त्या तासाला जे शिकवणं चाललं आहे त्याच्याशी ज्याचा संबंध नाही, तो सगळा. रील, स्टेटस, मॅचचा स्कोअर, खरेदी हे तर आलंच. पण दुसऱ्या विषयाचं जर्नल पूर्ण करणं, सीईटीच्या प्रवेश फेरीची यादी बघणं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं हेही त्यातच धरायचं. ही कामं फालतू नसतात, कित्येकदा फार गरजेची असतात. तरी फळ्यावरून लक्ष जितकं रीलमुळे उडतं तितकंच त्यांच्यामुळेही उडतं, म्हणून त्यांना या हिशेबात सूट देता येत नाही.

दोन मिनिटं व्हॉट्सॲप पाहिलं तर असं काय बिघडतं?

एक नेहमीचं गणित घ्या: ई-चा-एक्स-घात गुणिले साइन एक्स, याचं इंटिग्रेशन. सर सुरुवातीलाच म्हणतात, या इंटिग्रलला आपण ‘आय’ म्हणू. मग बाय पार्ट्स एकदा लावतात, साइनच्या जागी कॉस येतो. पुन्हा एकदा लावतात आणि उजव्या बाजूला मूळचाच इंटिग्रल वजा चिन्ह घेऊन परत येतो. सर त्याच्याखाली खडूने रेघ मारतात आणि म्हणतात, “हा बघा, हा आपलाच आय.” तो डावीकडे नेला की तिथे दोन आय होतात आणि शेवटी उत्तराला दोनाने भागायचं.

“हा आपलाच आय” हे बोलायला तीन-चार सेकंद लागतात. हे वाक्य फळ्यावर लिहिलं जात नाही. नेमकी तेव्हाच मान खाली असेल तर वर बघाल तेव्हा ‘दोन आय बरोबर’ अशी ओळ दिसेल. हे दोन कुठून आले ते समजणार नाही. ओळ वहीत उतरेल, गणित सुटल्यासारखं वाटेल आणि परीक्षेच्या आदल्या रात्री बरोबर तिथेच अडेल.

कॉमर्सच्या तासालाही हेच होतं. नवा भागीदार आला की पुनर्मूल्यांकनाचा नफा-तोटा जुन्या भागीदारांत जुन्याच प्रमाणात वाटायचा, हे मॅडम तोंडी सांगतात. ते ऐकायचं राहिलं की आकडे नव्या प्रमाणात वाटले जातात, ताळेबंद जुळतो, पण भांडवल खाती चुकतात. ताळेबंद जुळल्यामुळे चूक शोधायलाही कोणी जात नाही.

म्हणून तोटा मिनिटांत मोजू नये, सुटलेल्या दुव्यांत मोजावा. ज्या विषयात एक पायरी दुसरीवर उभी असते (गणित, अकाउंट्स, सर्किट, सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया, प्रोग्रामिंग) तिथे चार सेकंदांचा दुवा पुढची वीस मिनिटं खातो.

मला ऐकता-ऐकता टाइप करता येतं. तरी त्रास होतो का?

चालता-चालता बोलता येतं, कारण चालण्याला विचार लागत नाही. मेसेज वाचणं आणि शिक्षकांचं बोलणं समजून घेणं ही दोन्ही भाषेची कामं आहेत. मेंदू ती एकाच वेळी करत नाही. तो इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो. शब्द कानावर पडत राहतात, म्हणून आपण ऐकतोय असं वाटतं. खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. मेसेज पाठवून झाल्यावर वर बघायच्या आधी, शिक्षकांचं शेवटचं पूर्ण वाक्य मनात म्हणून पाहा. शब्द आठवतील, वाक्याचा अर्थ सांगता येणार नाही.

याबद्दल प्रत्यक्ष अभ्यास झाले आहेत का?

झाले आहेत आणि बरेच. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गात असा एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या संमतीने त्यांचा तासातला इंटरनेट वापर सर्व्हरवर नोंदवला गेला, म्हणजे ‘तुम्ही किती वेळ वापरता’ असं नुसतं विचारून आकडे घेतले नव्हते. तास एक तास पन्नास मिनिटांचा होता आणि त्यात सरासरी ३७ मिनिटं अभ्यासाबाहेरच्या साइटवर गेली. ज्यांचा असा वापर जास्त त्यांचे अंतिम परीक्षेतले गुण कमी निघाले. बुद्धिमत्ता, विषयातली आवड आणि शिकायची इच्छा हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. ‘हुशार मुलांना फरक पडत नाही’ असं आपल्याकडे नेहमी म्हटलं जातं, त्याला हा अभ्यास आधार देत नाही.

वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या काही तुकड्यांना लॅपटॉप-टॅबलेटची मुभा दिली, काहींना अजिबात नाही आणि काहींना फक्त टॅबलेट, तोही शिक्षकांना दिसेल असा बाकावर आडवा ठेवायचा. मुभा असलेल्या दोन्ही प्रकारच्या तुकड्यांचे परीक्षेचे गुण कमी आले. जिथे शिस्त इतकी कडक आणि गुणांवर पुढची नेमणूक ठरते तिथेही हे घडलं, म्हणून हा अभ्यास विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

मी मागच्या बाकावर बसून शांतपणे बघतो. इतरांना काय त्रास?

मागच्या भिंतीला पाठ लावून शेवटच्या बाकावर बसलात तर कमी. बाकी कुठेही बसलात तर तुमच्या मागे कोणीतरी आहे आणि तुमची स्क्रीन त्याच्या डोळ्यांच्या अगदी रेषेत येते. पायऱ्यांच्या वर्गात तर एका लॅपटॉपची स्क्रीन मागच्या दोन-तीन रांगांतल्या सात-आठ जणांना सहज दिसते. हलतं चित्र नजरेच्या कोपऱ्यात आलं की डोळे आपोआप तिकडे वळतात, ते थांबवणं आपल्या हातात नसतं.

कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोजलं आहे. लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत, न करणाऱ्यांच्या तुलनेत, शंभरात सुमारे ११ गुण कमी पडले. मग ज्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं, फक्त समोर अशी स्क्रीन दिसत होती, त्यांची तुलना केली. त्यांना सुमारे १७ गुण कमी पडले.

या एका गोष्टीमुळे हा विषय ‘माझा फोन, माझा डेटा, माझं नुकसान’ इतकाच राहत नाही. मागे बसलेली मुलगी कदाचित पहाटेची एसटी पकडून, दोन तास प्रवास करून आलेली असते आणि तिच्याकडे क्लास लावायला पैसे नसतात. तिला विषय समजून घ्यायची जागा हा तासच असतो.

सर पीपीटी नुसती वाचून दाखवत असतील तर?

मग तास कंटाळवाणाच होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पन्नास मिनिटांचं काय करायचं याला रीलपेक्षा चांगले पर्याय आहेत. स्लाइडवरचं वाक्य वाचून होईपर्यंत त्याच्यावर परीक्षेत कसा प्रश्न येईल तो वहीत लिहा. आधीच्या वर्षीची प्रश्नपत्रिका झेरॉक्स करून जवळ ठेवा आणि चालू धड्याच्या प्रश्नांवर खूण करा. एका तासात सहा-सात प्रश्न तयार होतात. सहामाहीच्या शेवटी तीच तुमची प्रश्नपेढी.

आणि सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधीमार्फत एकदा सांगून पाहा. ‘सर, पीपीटी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकाल का, म्हणजे तासाला गणितं सोडवता येतील’ असं विनंतीच्या सुरात, नेमकं काय हवं ते सांगून म्हटलं तर बहुतेक शिक्षक ऐकतात. ‘लेक्चर बोअर होतं’ म्हणून तक्रार नेली तर काहीच हाती लागत नाही.

नोट्स लॅपटॉपवर घ्याव्यात की वहीत?

वहीतच घेतल्या तर समजतं, असं ठामपणे सांगणारा एक प्रयोग २०१४ मध्ये खूप गाजला. नंतर तोच प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा गुणांतला तो फरक दिसला नाही. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवतात, एवढं मात्र पुन्हाही दिसलं. तेव्हा हाताने लिहिण्यात काही जादू आहे असं मानू नका. खरा धोका लॅपटॉपमधल्या नेटचा आहे. टाइपच करायचं असेल तर वाय-फाय बंद करून साध्या नोटपॅडमध्ये करा. आकृत्या, समीकरणं आणि खतावणीचे तक्ते असलेल्या विषयांना वहीच सोयीची पडते.

फोन सायलेंट करून बाकावर उलटा ठेवला तर पुरे ना?

नाही. लाकडी बाकावर व्हायब्रेशनचा आवाज चांगलाच होतो, शेजारच्यालाही ऐकू जातो. शिवाय नोटिफिकेशन नुसतं आलं, फोन उचललासुद्धा नाही, तरी लक्षाच्या चाचणीत चुका वाढतात असं फ्लोरिडातल्या २०१५ च्या प्रयोगात दिसलं. कोणाचा मेसेज असेल हा विचार पुरेसा होतो. फोन बंद असून केवळ समोर असला तरी नुकसान होतं का, याबद्दल प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत, म्हणून त्याची धास्ती नको. व्हायब्रेशन बंद करा आणि फोन सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा. खिशात ठेवला तर हात सवयीने जातो. सॅकची चेन उघडावी लागली की निम्म्या वेळा तो विचार तिथेच मावळतो.

फोनमध्ये नेमकं काय सेट करायचं?

एकदा पंधरा मिनिटं काढून वेळापत्रक समोर ठेवा आणि हे करा.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा आणि त्यातला ‘फोकस मोड’ घ्या. जी ॲप तासाला उघडायची नाहीत त्यांवर खूण करा. मग ‘सेट अ शेड्यूल’मध्ये वार आणि वेळ भरा. फोकस मोड चालू झाला की ती ॲप करड्या रंगाची दिसतात, उघडत नाहीत आणि त्यांची नोटिफिकेशन अडवून ठेवली जातात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याच गोष्टीचं नाव ‘मोड्स अँड रूटीन्स’ किंवा तसंच काही असतं, सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘फोकस’ टाइप केलं की सापडतं.

आयफोनवर सेटिंग्जमधल्या ‘फोकस’मध्ये अधिकच्या चिन्हावर टॅप करून ‘कस्टम’ घ्या. कॉलेज असं नाव द्या, ज्यांचे फोन यायला हवेत ती माणसं निवडा आणि शेड्यूल जोडा. एवढ्याने नोटिफिकेशन थांबतात, पण ॲप उघडतातच. ठरावीक वेळी ती अडवायला ‘स्क्रीन टाइम’मधला ‘डाउनटाइम’ लागतो. त्याचा पासकोड स्वतः ठेवू नका, रूममेटला किंवा बहिणीला टाकायला सांगा. स्वतःचा पासकोड असला की मर्यादा चार दिवसांत निरुपयोगी होते.

व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करताना आठ तास, एक आठवडा आणि कायम असे पर्याय येतात. वर्गाचा मुख्य ग्रुप सोडून बाकी सगळे ‘कायम’वर टाका. आठ तासांचा पर्याय रोज लावावा लागतो, म्हणून तो टिकत नाही. लक्षात ठेवा, ग्रुप म्यूट असला तरी कोणी तुमचं नाव घेऊन टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर नोटिफिकेशन येतं. मित्रांच्या ग्रुपवर तासाच्या वेळी टॅग करायचं नाही, हे आपसात ठरवावं लागतं.

चुकतं कुठे? पहिली चूक, वेळ सलग सकाळी आठ ते चार अशी टाकणं. मधल्या सुट्टीतही ॲप उघडत नाहीत, मग वैतागून सगळा मोडच काढून टाकला जातो. मधली सुट्टी मोकळी सोडा. दुसरी चूक, ॲप बंद करून तेच ब्राउझरमध्ये उघडणं. ब्राउझरही यादीत घाला. तिसरी, अँड्रॉइडमधलं ‘टेक अ ब्रेक’. पाच मिनिटांसाठी म्हणून दाबलं जातं आणि तास संपेपर्यंत पुन्हापुन्हा दाबलं जातं. आठवड्यात किती वेळा दाबलं ते वहीच्या मागच्या पानावर रेघ मारून मोजा, आकडा स्वतःला दिसू द्या.

घरून तातडीचा फोन आला तर कळणार कसं?

ही काळजी रास्त आहे आणि तिची सोय फोनमध्ये आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये आई, बाबा आणि घराजवळचं एखादं माणूस यांना परवानगी द्या. ‘रिपीट कॉलर्स’ हा पर्याय चालू ठेवा. आयफोनवर तोच नंबर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर फोन वाजतो. घरी एवढंच सांगून ठेवा: खरंच तातडीचं असेल तर लगोलग दोनदा लावा. फोन वाजलाच तर परवानगी घेऊन बाहेर जा. बाकाखाली वाकून कुजबुजत बोलण्याने सगळा वर्ग थांबतो.

शिष्यवृत्ती किंवा प्रवेशाच्या अर्जाची आज शेवटची तारीख असेल तर?

सरळ परवानगी घेऊन तास सोडा आणि संगणक कक्षात जाऊन अर्ज पूर्ण करा. बाकाखाली अर्ज भरण्यात दोन्ही कामं बिघडतात. महाडीबीटीच्या अर्जात अनेकदा असं होतं: आधारला जोडलेला नंबर वडिलांचा असतो, ते शेतात किंवा दुकानावर असतात, ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि त्यांनी तो वाचून सांगेपर्यंत मुदत संपते. मग पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. हे सगळं तासाला, कुजबुजत. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी त्यांना वेळ ठरवून सांगा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि गुणपत्रिका आधीच स्कॅन करून ठेवा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. तेवढं एक काम वर्षभराचा त्रास वाचवतं.

तासाला शेअर बाजार बघणाऱ्यांचं काय?

हा प्रश्न अलीकडे फार येतो आणि आम्हाला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाजार सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. बहुतेक कॉलेजांची वेळही तीच. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचा) किंवा ऑप्शनचा (पुढच्या भावाच्या अंदाजावरचा) सौदा उघडा असलेला मुलगा तासाला देहाने हजर असतो, पण दर काही मिनिटांनी भाव बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. रील बंद करता येते, उघडा सौदा डोक्यातून बंद होत नाही. फोन सॅकमध्ये ठेवला तरी लक्ष तिथेच.

शिवाय हिशेब पाहा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा खर्चासह माणशी सुमारे दोन लाख रुपये. असे सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतले किती, तर २०२२-२३ मध्ये ३१ टक्के आणि पुढच्याच वर्षी ४३ टक्के. दोन लाख म्हणजे कित्येक घरांत पदवीची सगळी वर्षं, फी, मेस आणि खोलीच्या भाड्यासकट.

बाजार शिकायचा असेल तर जरूर शिका, चांगला विषय आहे. त्यासाठी दिवसअखेरचा भाव पुरतो. संध्याकाळी एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा, महिन्याला ठरावीक लहान रक्कम गुंतवा आणि ट्रेडिंग ॲप फोकस मोडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर टाका. मित्राने उधार मागितले, फीचे पैसे उशिरा भरतो म्हणाला, तीन-सव्वातीनच्या सुमारास त्याचा चेहरा रोज बदलतो, असं दिसलं तर त्याच्याशी एकांतात बोला आणि घरच्या कोणा मोठ्या माणसाला सांगायला त्याच्यासोबत जा.

पैसे लावून खेळायच्या ॲपचं काय?

ऑनलाइन पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. टेलिग्रामवरच्या लिंकवरून अजूनही जे चालतं त्यात पैसे अडकले तर दाद मागायची सोय उरत नाही. अशा लिंक ग्रुपवर पुढे ढकलू नका.

कॉलेजच्या वाय-फायवर मी काय बघतो ते कॉलेजला दिसतं का?

काही दिसतं, सगळं नाही. तुम्ही आपला आयडी टाकून लॉगिन करता, त्यामुळे कोणत्या खात्यावरून, किती वाजता, कोणत्या साइटशी जोडणी झाली आणि किती डेटा गेला याची नोंद सर्व्हरवर राहते. बहुतेक साइट आता एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात जातो, म्हणून इन्स्टाग्राम उघडलं हे दिसतं, कोणाशी काय बोललात ते दिसत नाही. व्हॉट्सॲपचा मजकूरही दिसत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात.

ब्राउझरमधल्या इन्कॉग्निटो मोडमुळे फक्त तुमच्या फोनवरची हिस्टरी राहत नाही, सर्व्हरवरची नोंद राहतेच. फुकटचं व्हीपीएन (नेटची वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप) टाकलं तर कॉलेजपासून लपतं, पण सगळी वाहतूक त्या अनोळखी कंपनीच्या हाती जाते. त्याच फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप असताना हा सौदा महागात पडू शकतो. आणि आपला वाय-फाय आयडी मित्राला देऊ नका, त्याने काही केलं तर नोंद तुमच्या नावावर होते.

शिक्षक फोन काढून घेऊ शकतात का? उघडून बघू शकतात का?

तासाला फोन बाजूला ठेवायला सांगणं, ऐकलं नाही तर बाहेर जायला सांगणं, हे वर्ग चालवणाऱ्याचं कामच आहे. फोन जमा करण्याबद्दल तुमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत, प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या आचारसंहितेत काय लिहिलं आहे ते वाचा. जमा केला तर कोणाकडे आहे आणि कधी मिळेल हे तिथल्या तिथे नम्रपणे विचारा. फोन उघडून मेसेज किंवा फोटो बघणं ही वेगळी गोष्ट आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. पासवर्ड मागितला तर नकार देऊन प्राचार्यांसमोर बोलण्याची विनंती करा.

केरळ उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाचा दाखला बरेच विद्यार्थी देतात. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं आहे, हे खरं. पण ते प्रकरण मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन वापरू न देण्याचं होतं. चालू तासाला रील बघण्यासाठी तो निकाल उपयोगी पडत नाही.

फळ्याचा फोटो काढला तर चालेल का?

परवानगी घेऊन, तासाच्या शेवटी, आकृतीचा किंवा मोठ्या तक्त्याचा. मध्येच काढू नका, कारण फोटोसाठी फोन हातात आला की नोटिफिकेशनही दिसतंच. त्या रात्री फोटोवरून वहीत उतरवलं नाही तर तो गॅलरीत चारशे फोटोंखाली जातो. तासाचा व्हिडिओ मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका आणि शिक्षकांच्या बोलण्याची क्लिप कापून स्टेटसला तर मुळीच लावू नका.

तासाला न समजलेला शब्द गूगल किंवा चॅटजीपीटीला विचारला तर तो अभ्यासच झाला ना?

अभ्यासच, पण वेळ चुकीची. मिशिगनच्या त्याच अभ्यासात, विषयाशी संबंधित नेटवापराचा गुणांना फायदा झालेला दिसला नाही. उत्तर वाचेपर्यंत पुढची दोन वाक्यं जातात. शब्दाभोवती गोल करा आणि ऐकत राहा. बऱ्याचदा पुढच्या पाच मिनिटांत अर्थ उलगडतो. उरलेले गोल संध्याकाळी बघा किंवा तास संपल्यावर शिक्षकांना विचारा.

शिक्षकांसाठी: सरसकट बंदी घालावी का?

घालायची तर पाळता येईल अशी. ‘फोन दिसला तर जप्त’ असं पहिल्या दिवशी सांगून तिसऱ्या दिवशी दुर्लक्ष झालं की नियम संपतो. पुढच्या गोष्टी त्याहून जास्त उपयोगी पडतात.

हजेरीसाठी क्यूआर कोड किंवा ॲप वापरत असाल तर सुरुवातीलाच साठ मुलांना फोन हातात घ्यायला आपणच सांगतो. हजेरी झाली की ‘आता फोन सॅकमध्ये’ म्हणून एक मिनिट थांबा, चेन बंद झाल्याचे आवाज येईपर्यंत पुढे जाऊ नका. शक्य असेल तर हजेरी तासाच्या शेवटी घ्या. विभागाच्या सूचना ग्रुपवर तास चालू असताना टाकू नका. परीक्षा अर्जाची मुदत, प्रॅक्टिकलची बॅच असा मेसेज अकरा वाजता आला की पाच वर्गांत एकदम फोन बाहेर येतात. अशा सूचनांसाठी मधल्या सुट्टीची वेळ ठरवून घ्या.

लॅपटॉप ज्यांना खरंच लागतो त्यांना शेवटच्या रांगेत किंवा एका कडेला जागा द्या, म्हणजे मागे कोणी बसत नाही. दृष्टी, श्रवण किंवा लिहिण्याच्या अडचणीमुळे उपकरण वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही नियमातून आधीच वगळा आणि सगळ्या वर्गासमोर त्यांना कारण सांगायला लावू नका. साधारण वीस मिनिटांनी एक छोटा प्रश्न द्या, दोन मिनिटं शेजाऱ्याबरोबर सोडवायला. सव्वा-दीड तासाच्या सलग तासात मधे तीन मिनिटांची मोकळीक दिली तर फोनची ओढ तेवढ्यात भागते. आणि अख्खा वर्ग खाली बघत असेल, तर गेल्या पाच मिनिटांत आपण फक्त स्लाइड वाचली का, हे तपासून बघायला हवं.

पालकांसाठी: आम्ही काय करावं?

मुलाचं वेळापत्रक फ्रिजवर किंवा कपाटावर लावा आणि तासाच्या वेळी ‘जेवलास का’ हा मेसेज टाकू नका. मधल्या सुट्टीत टाका. तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. फोन काढून घेण्याची धमकी देऊ नका, अर्ज, पास, पैसे आणि निकाल सगळं त्याच फोनवर असतं.

आज अख्खा तास मोबाइलमध्ये गेला. आता काय करू?

आजच भरून काढा, उद्यावर गेलं की पुढचा तासही समजत नाही. तास संपताच नियमित लिहिणाऱ्या मैत्रिणीची किंवा मित्राची वही घ्या आणि फोटो न काढता तिथेच बसून शेवटचं पान वाचा. जिथे एक ओळ दुसरीतून कशी आली ते कळत नाही तिथे पेन्सिलीने टिंब करा. साधारणपणे अशी दोन ते चार टिंबं निघतात. ती घेऊन त्याच दिवशी शिक्षकांना स्टाफरूममध्ये गाठा. ‘सर, आज काहीच कळलं नाही’ असं म्हणू नका. वही उघडून ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, “सर, हे दोन आय कुठून आले?”